संवाद एका रेषेत येईनात : वर्डमधले इंडेंट आणि टॅब (दोन अंकी नाटकाची संहिता)

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात नंदनवनला राहते. आमचा हौशी ग्रुप यंदा राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी नाटक उतरवतोय. संहिता टाइप करायचं काम माझ्याकडे आहे. ७२ पानं झाली. डावीकडे पात्राचं नाव, मग थोडी जागा सोडून संवाद, अशी मांडणी ठेवली होती. ती जागा मी स्पेसबारने सोडत गेले. कृतिदेव फॉन्टमध्ये सगळं ओळीत दिसत होतं.

कलाकारांपैकी निम्म्या लोकांच्या फोनवर कृतिदेव उघडत नाही, म्हणून परवा सगळी फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली आणि मांडणीचा पार विचका झाला. काही संवाद नावाला चिकटलेत, काही पानाच्या मध्यावर गेलेत. लांब संवादाची दुसरी ओळ कुठे नावाखाली येते, तर कुठे त्याच्याही पुढे. प्रयोगाच्या परवानगीसाठी हीच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आहे, आणि अशी पाठवायला माझं मन धजत नाही.

दोन रात्री बसून पहिली बारा पानं पुन्हा स्पेस मारून नीट केली. मग अक्षराचा आकार १२ वरून १४ केला, तर तीही विस्कटली. हे एकदाच आणि कायमचं कसं बसवायचं? वर्ड २०१६ आहे.

रविनगरवाला

ताई, आधी हातातलं काम थांबवा. आणखी एकही स्पेस मारू नका.

माझं विद्यापीठाच्या कॅम्पसजवळ टायपिंगचं दुकान आहे. प्रबंध, प्रकल्प अहवाल, सगळं येतं. दहातल्या सात फायलींमध्ये हेच दुखणं असतं. कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा. पडद्यावर खुणा दिसायला लागतील. प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका, टॅबच्या जागी बाण, आणि एंटरच्या जागी उलट्या पी सारखं चिन्ह. आता एखादा लांब संवाद बघा आणि सांगा, त्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ते उलट्या पी चं चिन्ह आहे का?

सांजवेळ

आहे! प्रत्येक ओळीच्या शेवटी आहे. दुसरी ओळ संवादाखाली यावी म्हणून मी ओळ भरली की एंटर मारून पुढे पुन्हा स्पेस देत होते.

टंकनसर

सांजवेळ ताई, यात तुमची चूक मानू नका. ही सवय आमच्यासारख्या टायपिंग शिकवणाऱ्यांनीच लावली. महालात मी तेवीस वर्षं इन्स्टिट्यूट चालवली, तेव्हा एंटर आणि स्पेस मीच शिकवत होतो. ती पद्धत तेव्हा बरोबर का होती, हे सांगतो, म्हणजे आता ती का चालत नाही ते आपोआप कळेल.

टाइपरायटरवर प्रत्येक ठोक्याला कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, सारखंच सरकायचं. पायका मशीन असेल तर इंचाला दहा ठोके, एलिट असेल तर बारा. मराठी मशीनवर वेलांटी आणि मात्रा यांच्या कळा डेड असायच्या, म्हणजे त्या उमटायच्या पण कॅरेज पुढे ढकलायच्या नाहीत. बाकी स्पेस असो, अर्धा ‘क’ असो की काना, अंतर तेवढंच. त्यामुळे ठोके मोजले की जागा मोजली जायची. स्टेटमेंटच्या, म्हणजे रकान्यांचा तक्ता टाइप करायच्या, परीक्षेत पोरं कागदाच्या समासात ठोक्यांची बेरीज करून रकाने आखायची. परिच्छेदाला पाच स्पेस सोडा म्हणायचो, ते पायकावर बरोबर अर्धा इंच व्हायचे. वर्डमध्ये टॅब दाबला की कर्सर १.२७ सेंटिमीटरवर जाऊन थांबतो, ते अंतरही अर्धा इंचच आहे.

संगणकावरच्या फॉन्टात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. ‘र’ अरुंद, ‘क्ष’ रुंद. स्पेसची रुंदीसुद्धा फॉन्टागणिक वेगळी. कृतिदेवमध्ये चौदा स्पेसना जेवढी जागा लागते तेवढी मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये लागत नाही. म्हणून स्पेस मोजून साधलेली रेषा फॉन्ट बदलला की मोडणारच.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चांगल्या मशीनवर तेव्हाही टॅबची सोय होती. एक कळ टॅब लावायची, एक काढायची. कॅरेज हव्या त्या जागी नेऊन लावायची कळ दाबली की आतला खिळा तिथे उभा राहायचा. मग टॅब दाबला की कॅरेज खडखडत जाऊन नेमकं त्या खिळ्याला अडायचं. टॅब स्टॉप म्हणजे तो खिळा. वर्डमधला टॅबही तसाच आहे, फक्त खिळा प्रत्येक परिच्छेदाला वेगळा लावता येतो.

रविनगरवाला

सरांनी मूळच सांगितलं. आता कृती सांगतो.

नाटकाच्या संवादाला हँगिंग इंडेंट लागतो. म्हणजे परिच्छेदाची पहिली ओळ डाव्या समासापासून सुरू होते आणि बाकीच्या ओळी आत सरकून राहतात. व्ह्यूमध्ये जाऊन रूलरवर टिक करा. पट्टीच्या डाव्या टोकाला तीन खुणा आहेत. वरचा, खाली टोक असलेला त्रिकोण पहिल्या ओळीचा. खालचा, वर टोक असलेला त्रिकोण बाकीच्या ओळींचा. त्याच्याही खाली छोटा चौकोन आहे, तो धरून ओढला की दोन्ही एकत्र सरकतात. लोक हमखास चौकोन पकडतात आणि मग ‘सगळाच परिच्छेद आत गेला’ म्हणतात. त्रिकोण नेमका पकडता आला नाही तर पट्टीचा नाद सोडा. होम टॅबवर पॅराग्राफच्या गटाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक बाण आहे, त्यातून पॅराग्राफची चौकट उघडा. स्पेशलमध्ये हँगिंग निवडा, बायमध्ये ३.५ सेंमी लिहा. लेफ्ट शून्य असू द्या.

मग त्याच चौकटीत खाली डावीकडे टॅब्जचं बटण आहे. तिथेही ३.५ लिहा, अलाइनमेंट लेफ्ट, सेट, ओके. तुम्ही स्वतः टॅब लावला की त्याच्या डावीकडचे, दर अर्ध्या इंचावरचे ठरावीक टॅब त्या परिच्छेदापुरते निघून जातात. आता नाव लिहा, एकदाच टॅब दाबा, संवाद लिहीत जा. ओळ भरली की एंटर मारू नका. ती आपोआप खाली जाईल आणि ३.५ वरूनच सुरू होईल. एंटर फक्त पुढचं पात्र बोलायला लागलं की.

कोर्टरोड

थोडं माझंही. मी वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचं आणि जिल्हा न्यायालयाचं काम असतं.

आमच्याकडे हा धडा २०२० मध्ये मिळाला. सुप्रीम कोर्टाने त्या मार्चमध्ये ठरवून दिलं की कागद ए४, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावीउजवीकडे ४ सेंमी समास, वरखाली २ सेंमी. अवतरणं आणि आत घेतलेला मजकूर १२ मध्ये, एकेरी ओळीत. तोवर आमचे सगळे जुने नमुने लीगल कागदावर होते. आधी नाव, मग ठिपके, ठिपके, ठिपके आणि उजवीकडे ‘याचिकाकर्ता’, असं शीर्षक असतं ना, त्यातले ते ठिपके कुणीतरी एकेक करून टाइप केलेले. कागद बदलला तसे ते ‘याचिकाकर्ता’ दुसऱ्या ओळीत पडले. अशा फायली आमच्याकडे शेकड्यांनी होत्या.

ए४ ची रुंदी २१ सेंमी, दोन्हीकडचे समास ८ गेले, उरले १३. मी १३ सेंमीवर एक राइट टॅब लावला आणि लीडरमध्ये, म्हणजे टॅबची मोकळी जागा कशाने भरायची त्या यादीत, दुसरा पर्याय, ठिपक्यांचा, निवडला. आता नाव, टॅब, ‘याचिकाकर्ता’. ठिपके वर्ड स्वतः भरतो, नाव लहान असो की मोठं. ‘विरुद्ध’ हा शब्द मध्ये आणायला सेंटर अलाइनमेंट पुरते, त्याला टॅब लागत नाही. निकालातला उतारा घ्यायचा तर पॅराग्राफच्या चौकटीत लेफ्ट आणि राइट दोन्हीकडे २ सेंमी.

सांजवेळ ताई, तुमच्या पहिल्या पानावरच्या पात्रयादीला हाच राइट टॅब लावा. पात्र डावीकडे, कलाकार उजव्या कडेला, मध्ये ठिपक्यांची ओळ. फार देखणं दिसतं.

झाडीचा_माणूस

ताई, तुमचा धागा वाचून रायवलं नाही म्हणून लिहून राहिलो. मी वडसाकडच्या नाटकायले पाच-सहा सीझन प्रॉम्प्टर म्हणून बसलो आहे. दिवाळीनंतर जे नाटक सुरू होतात ते होळीपर्यंत, आणि एक नाटक रातभर चालते. विंगेत उजेड असते थोडासाच. नट अडकला का मले एका नजरेत त्याचं नाव सापडलं पायजे. नावाखाली दुसऱ्याच ओळीचे शब्द घुसले असले त डोळा फसते, अन् तेवढ्यात स्टेजवर शांतता पसरते. प्रेक्षकायले ते लगेच कळते.

म्हणून नावाच्या पट्ट्यात नावाशिवाय काहीच नको. ही मांडणी दिसण्यापुरती नाही, कामाची हाये. तुम्ही मेहनत करून राहिल्या, ते बरोबर करून राहिल्या.

सांजवेळ

दादा, हे वाचून हुरूप आला. आमच्याकडेही विंगेत बसायला एक जण ठरला आहे, त्याचा विचार मी केलाच नव्हता.

नवीन पानावर करून पाहिलं, अगदी सुरेख बसलं. पण जुन्या ७२ पानांचं काय? प्रत्येक ओळीतले एंटर आणि स्पेस हाताने काढायचे तर महिना जाईल.

रविनगरवाला

हाताने नाही. फाइंड अँड रिप्लेस, कंट्रोल+एच. पण आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. हे न करता पुढे जाऊच नका.

एंटरसाठी फाइंडमध्ये कॅरेटचं चिन्ह आणि त्याला लागून स्मॉल पी लिहायचं. कॅरेट म्हणजे ^, शिफ्ट+६. टॅबसाठी कॅरेट आणि टी. कितीही स्पेस असोत, सगळ्या मिळून कॅरेट आणि डब्ल्यू. तुमच्या संवादाच्या तुटलेल्या ओळी म्हणजे एंटर आणि त्यामागोमाग स्पेस. म्हणून फाइंडमध्ये कॅरेट-पी-कॅरेट-डब्ल्यू, रिप्लेसमध्ये फक्त एक स्पेस. रिप्लेस ऑल. तुटलेले संवाद जोडले जातील. पात्राचं नाव ओळीच्या अगदी सुरुवातीला आहे, त्याच्याआधी स्पेस नाही, म्हणून ते एंटर शाबूत राहतात.

टंकनसर

थांबा थांबा. ताई, रंगसूचना तुम्ही कशा लिहिल्या आहेत? ‘(आबा खुर्चीतून उठतात.)’ अशी ओळ मध्यावर आणायला पुढे स्पेस दिल्या असतील, तर वरच्या कृतीने ती आधीच्या संवादाला जाऊन चिकटेल.

सांजवेळ

हो सर, स्पेस देऊनच मध्यावर आणल्या आहेत. प्रवेशांची शीर्षकंही.

रविनगरवाला

सर, बरं झालं टोकलंत. मग क्रम बदलू. आधी फाइंडमध्ये कॅरेट-पी-कॅरेट-डब्ल्यू आणि लगेच उघडा कंस. रिप्लेसमध्ये कॅरेट-पी आणि उघडा कंस. याने रंगसूचनांपुढच्या स्पेस जातील, एंटर राहील. शीर्षकं मोजकीच असणार, त्यांच्या पुढच्या स्पेस हाताने पुसा. त्यानंतर मघाची जोडणीची कृती.

शेवटी नाव आणि संवाद यांच्यामधल्या स्पेस. मोअर दाबून यूज वाइल्डकार्ड्सवर टिक करा. फाइंडमध्ये एक स्पेस, मग महिरपी कंसात 2 आणि स्वल्पविराम. अर्थ असा की दोन किंवा जास्त स्पेस. आकडा इंग्रजी कळफलकाचाच हवा. रिप्लेसमध्ये कॅरेट-टी. काम झालं की वाइल्डकार्डची टिक काढा, नाहीतर पुढच्या वेळी कॅरेट-पी शोधायला गेलात की वर्ड अडवेल.

मेजवाला

मला वेगळं सुचवायचं आहे. एवढं करण्यापेक्षा दोन रकान्यांचं टेबल घाला, रेषा काढून टाका. डावीकडे नाव, उजवीकडे संवाद. मी ऑफिसचं इतिवृत्त असंच लिहितो, कधी हललं नाही.

कोर्टरोड

इतिवृत्ताला टेबल चांगलंच आहे, मीही वापरते. पण नाटकात संवाद हजाराच्या घरात असतात. दिग्दर्शक तालमीत एक वाक्य कापतो, दोन संवादांची अदलाबदल करतो. टेबलात प्रत्येक वेळी ओळ घाला, ओळ काढा. आणि टेबलात टॅब दाबला की कर्सर पुढच्या चौकटीत उडी मारतो. आत खरा टॅब हवा असेल तर कंट्रोल+टॅब दाबावा लागतो. रोज बदलणाऱ्या मजकुराला परिच्छेद जास्त मोकळा पडतो.

मेजवाला

तालमीतले बदल माझ्या लक्षात आले नव्हते. पटलं.

सांजवेळ

झालं!! सगळी फाइल जोडली गेली. रंगसूचना शाबूत राहिल्या. अकरा ठिकाणी ‘(हसत)’ सारखा कंस तुटलेल्या ओळीच्या सुरुवातीला होता, तिथे संवाद दोन तुकड्यांत राहिला. ते हाताने जोडले. मग सगळं निवडून हँगिंग आणि टॅब लावला.

एक अडचण उरली. ‘आबा’, ‘सून’, ‘शेजारीण’ नीट बसले. ‘पोस्टमास्तर’ मात्र ३.५ च्या पुढे जातो आणि त्याच्या संवादाची पहिली ओळ लांब सरकते.

टंकनसर

खिळा नावाच्या आत आला, म्हणून टॅब त्याच्या पुढच्या खिळ्याला जाऊन थांबला. जागा ठरवताना नेहमी सगळ्यांत लांब नाव घ्यायचं. ४.५ करा.

आणि आता हे सुटं सुटं करू नका, स्टाइल बांधा. एका संवादावर कर्सर ठेवा, होममध्ये स्टाइल्सची यादी उघडा, क्रिएट अ स्टाइल घ्या आणि नाव ‘संवाद’ द्या. सगळे संवाद निवडून त्यांना ती स्टाइल लावा. रंगसूचनेची वेगळी, तिला हँगिंग शून्य, लेफ्ट ४.५ आणि तिरकं अक्षर. पुढे काही बदलायचं तर स्टाइलवर उजवं बटण दाबून मॉडिफाय, मग खाली फॉरमॅटमधून पॅराग्राफ किंवा टॅब्ज. एका जागी बदललं की सगळ्या पानांवर बदलतं. माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा भाग आहे, आणि मी माझ्या मुलांना तो फार उशिरा शिकवला याचं मला वाईट वाटतं.

सांजवेळ

सर, स्टाइल केली. मॉडिफायमधून हँगिंग ४.५ केलं आणि टॅब्जमध्ये ४.५ घातला. ‘पोस्टमास्तर’ आता बरोबर. पण ‘आबा’ आणि ‘सून’ यांची पहिली ओळ ३.५ वरच सुरू होते, दुसरी ४.५ वर. आता हे का?

रविनगरवाला

जुना खिळा तसाच उभा आहे. नवा घातला म्हणून आधीचा जात नाही. लहान नावानंतरचा टॅब आधी ३.५ ला अडतो, लांब नाव त्याच्या पुढे गेलेलं असल्याने ४.५ ला. टॅब्जच्या चौकटीत ३.५ निवडा, क्लिअर, मग ओके. एकेका परिच्छेदात असं राहिलं तर पट्टीवरची ती एल सारखी खूण माऊसने धरून खाली ओढून सोडली तरी टॅब जातो.

आणि स्टाइल लावूनही एखादा परिच्छेद हट्टाने वेगळाच राहिला तर त्यावर कर्सर ठेवून कंट्रोल+क्यू. हाताने दिलेलं परिच्छेदाचं सगळं रूप निघून तो स्टाइलप्रमाणे होतो.

लिब्रेप्रेमी

लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी : तिथे हँगिंग नावाचा पर्याय शोधू नका. फॉरमॅट, पॅराग्राफ, इंडेंट्स अँड स्पेसिंगमध्ये बिफोर टेक्स्ट ४.५ आणि फर्स्ट लाइन उणे ४.५ लिहा. टॅब्ज त्याच चौकटीत शेजारच्या पानावर आहेत. स्टाइल्ससाठी एफ११, खुणा बघायला कंट्रोल+एफ१०.

पुस्तकवेडी

माझा प्रश्न साध्या कथेचा आहे. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला टॅब दाबावा की इंडेंट द्यावा?

टंकनसर

इंडेंट. पॅराग्राफच्या चौकटीत स्पेशलमध्ये फर्स्ट लाइन. एंटर मारला की पुढचा परिच्छेद तसाच सुरू होतो, विसरायची भीती नाही. कथेला १.२७ मला फार वाटतं, ०.७ पुरे. आणि पहिली ओळ आत घेतली असेल तर दोन परिच्छेदांत रिकामी ओळ सोडू नका, दोन्हींपैकी एकच ठेवा.

सांजवेळ

जुना टॅब काढला आणि सगळे संवाद एका उभ्या रेषेत आले. मी पान खाली सरकवत नुसती बघत बसले होते. पात्रयादीला राइट टॅब आणि ठिपकेही लावले.

झाडीचा माणूस दादा, तुमचं वाचून विंगेसाठी वेगळी प्रत काढायचं ठरवलं. अक्षर किती मोठं ठेवू?

झाडीचा_माणूस

१६ ठेवा. अन् नाव ठळक करा. कागदाच्या एकाच बाजूले छापा, उलटताना आवाज नाही होत.

कोर्टरोड

ताई, आकार बदलताना एक लक्षात ठेवा. युनिकोड देवनागरी वर्डच्या हिशेबी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये येते. स्टाइलच्या फॉन्टच्या चौकटीत त्याचा वेगळा रकाना आहे, १६ तिथे लिहा. नुसत्या वरच्या रकान्यात लिहिलंत तर मराठी अक्षर हलणार नाही.

सांजवेळ

त्या रकान्यात १६ केलं. ‘पोस्टमास्तर’ पुन्हा टॅबच्या पुढे गेला, म्हणून स्टाइलमध्ये हँगिंग ५.५ केलं, ५.५ चा टॅब लावला आणि ४.५ चा आठवणीने काढला. तीन मिनिटं लागली. पानं ७२ ची ९१ झाली, पण एकही संवाद रेषेबाहेर नाही. दोन्ही प्रती उद्या सकाळी छापायला देते, रविवारी वाचन आहे.